दोन चमचे

तिकडे साडेदहा वाजतात
तेव्हा फहाहीलमध्ये आठच वाजलेले असतात.
आबा एसी बंद करायला लावतात, संवाद नीट ऐकू यावेत म्हणून,
आणि पडद्यावर निवृत्त इन्स्पेक्टर राजाध्यक्ष
कुंड्यांना पाणी घालता घालता
पुन्हा एक खून उलगडायला निघतो.

आबा चिपळूण ठाण्यातून सहायक फौजदार म्हणून उतरले.
एकतीस वर्षांत खून तीन.
बाकी नारळांच्या चोऱ्या, बांधावरची डोकी,
पळून गेलेली आणि भूक लागल्यावर परत आलेली पोरं,
पुराबरोबर आलेले, कुणीच ओळख न दिलेले दोघे.
"हा बघ, बोडक्या हातांनी ग्लास उचलला.
याला मी पंचनामा लिहायलासुद्धा बसवला नसता."
ओवी विचारते, "आबा, खुनी कोण?"
"सगळ्यांत आधी जो पाणी आणून देतो, तो."
आणि चारातून एकदा तरी ते खरं निघतं.

मी सोफ्याच्या टोकाला बसतो,
गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच.

अडतीस दिवस.
सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघतो,
गाडी मासळीबाजाराच्या मागे लावतो.
लाँचा येतात, बर्फ फुटतो, मांजरं जमतात.
मी अर्ज पाठवतो.
"कळवतो" म्हणणाऱ्यांची नावं वहीत लिहितो.
रिफायनरीची ज्योत दिवसा इतकी फिकी असते
की ती आहे हे आधी माहीत असावं लागतं.
चारला बूट पुसून घरी येतो, दमल्यासारखा.
दमलेला असतोच. तेवढं खोटं नाही.

आबांचा व्हिसा त्याआधीच निघाला होता,
तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते.
येऊ दे, म्हटलं. महिन्याचा तर प्रश्न.

त्यांनी काही विचारलं नाही.
एकदा चपला ठेवताना वाकून जरा जास्त वेळ राहिले.
एकदा जेवताना म्हणाले,
"तुमच्या ऑफिसात मासे बरेच येतात वाटतं."
मृणालने त्यांच्या ताटात भात वाढला.
मी पाणी आणायला उठलो
आणि अर्ध्या वाटेत थांबलो.

शेवटच्या भागात राजाध्यक्षने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.
खुर्ची ओढली, चष्मा पुसला,
एकेक दुवा बोटावर मोजू लागला,
आणि एकेक मान
एकाच माणसाकडे वळू लागली.
आबांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला.
"ओवी, शाळा आहे ना उद्या? झोप जा."
पडद्यावर ओठ हलत राहिले.

सकाळी मृणाल आंघोळीला गेली होती.
आबा लिफ्टपाशी उभे, स्वेटर, कानटोपी,
मुंबईच्या विमानतळावर घेतलेले पांढरे बूट.
"मीपण येतो."
"कुठे?"
"ऑफिसला."

गाडीत ते बोलले नाहीत, मीही नाही.
मासळीबाजाराकडे वळायचं ते वळण
मी चुकवणार होतो; त्यांनी डावीकडे बोट केलं.

कठड्यावर बसलो. खिडकीतल्या मल्याळी पोराकडून दोन करक घेतले.
वारा मीठ मारत होता तोंडावर.
"त्या राजाध्यक्षचं चुकतं कुठे, सांगू?
चारचौघांत सांगतो.
आम्ही आधी चहा मागवायचो.
निम्मा ग्लास होईस्तोवर माणूस तोंड उघडत नाही,
उरलेल्या निम्म्यात सगळं ओकतो."

मी माझ्या कपात पाहिलं.
निम्म्याच्या थोडा खाली होता.

मग सांगितलं. इकाम्याची तारीख,
गाडीचे हप्ते, ओवीची फी,
वहीतली नावं, त्यातली खोडलेली कोणती.
ते समुद्राकडे बघत ऐकत होते,
मध्येच "बरं," मध्येच "किती?"
साहेबासमोर लिहून घेताना म्हणत असतील तसं.

बाराला डबा उघडला.
आमटी-भात, वांग्याचं भरीत, कागदात गुंडाळलेलं लोणचं.
आणि चमचे दोन.

आबांनी एक उचलला,
उलटासुलटा करून पाहिला, पुरावा बघावा तसा.
"कधीपासून दोन ठेवते ही?"
मला सांगता आलं नाही.
डबा मी रोज घाईत, खाली न बघता खायचो.

त्यांनी तो बाहीला पुसला, माझ्या हातात दिला.
"सांडू नको," म्हणाले,
"डाग संध्याकाळपर्यंत वाळत नाही."